अडवणाऱ्यांचा धडा

पहाटे ५.३०
गावाला जाग येण्याआधी कालचा धडा चढवायचा असतो. सात वाजले की मुरुडातल्या नेटच्या वाटण्या होतात आणि माझ्या वाट्याला काडीभर येतं. माळ्याच्या खिडकीत फोन ठेवून मी चहा टाकते. चार मिनिटांचा व्हिडिओ फोनमधून निघतो तेव्हा दोनशे एमबीच्या घरात असतो. रात्री बसून तो पंधरावर आणलेला. आमच्याकडे एका रिचार्जवर घरातली तीन माणसं असतात, त्यामुळे धडा जड झाला की तो कुणी उघडत नाही.

हे मुरुड दापोली तालुक्यातलं. दर हंगामात एखादी गाडी जंजिरा किल्ला विचारत दारात येते. तो रायगडातल्या मुरुडला, आमच्याकडे हर्णैचा सुवर्णदुर्ग. आमच्या धड्यांच्या संचात भूगोलाचा पहिला धडा याच घोळावर आहे.

सकाळी ७.४५
शेजारच्या काकांच्या आगरात, छत्रीखाली. जुलै म्हणजे कोय कलमांचे दिवस. आंबे खाऊन टाकलेल्या कोयी रुजून वर आल्यात, पानं अजून तांबूस. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ जवळच, तरुणपणी काका तिथेच हे शिकले. हात चालू असला की त्यांच्यासारखा शिक्षक नाही. पण कॅमेरा लावला की माणूस बदलतो. “सदर रोपाची छाटणी करण्यात यावी,” असं सरकारी पत्रक सुरू होतं.

दोनदा घेतलं, दोनदा फुकट. तिसऱ्या वेळी छत्री धरून उभी असलेली सातवीतली मुलगी मधेच म्हणाली, “पण काका, मूळ तर आलंय. मग कोय का ठेवायची?”

“अगो, तिच्या पोटात शिदोरी आहे त्याची! कलम जीव धरीपर्यंत त्यानं खायचं काय?” काका कॅमेरा विसरले. मग सगळं आलं: काडी तीन-चार महिन्यांची हवी, शेंड्याचा डोळा फुगलेला, जाडीला रोपाएवढी. रोप कोयीच्या वर दोन-तीन इंचांवर छाटायचं, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरेसारखं तासून तीत बसवायचं आणि प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट बांधायचं. “सैल बांधलंस तर पाणी शिरेल आणि काडी कुजेल.”

पोरीचा प्रश्न मी कापत नाही. आमचा नियमच आहे: ज्या धड्यात कुणी मधे अडवलं नाही, तो चढवायचा नाही. पुण्याहून मदत करणाऱ्या एका जाणकारांना हा गबाळेपणा वाटतो. धडा स्वच्छ हवा, म्हणतात. स्वच्छ धड्यांचा इंटरनेटवर तोटा नाही, आणि ते बघताना आमची मुलं झोपतात.

सकाळी ११.३०
डब्याची सेवा. डब्यात रास्पबेरी पाय नावाचा बँकेच्या कार्डाएवढा संगणक आहे, त्यावर कोलिब्री चालतं. ही फुकट मिळणारी शिकण्याची व्यवस्था नेट नसलेल्या जागांसाठीच बनवलेली आहे. डबा स्वतःचं वायफाय सोडतो, पडवीत बसलेल्यांच्या फोनवर धडे उघडतात, रेंज लागत नाही. लांबच्यांसाठी तेवढं पहाटेचं चढवणं. सुरुवातीला खाऱ्या हवेपासून जपायला म्हणून मी तो स्टीलच्या डब्यात घट्ट बंद केला आणि दोन दिवस कुणालाच काही दिसेना म्हणून कपाळ धरून बसले. स्टीलमधून वायफाय बाहेर येईल कुठून? आता प्लास्टिकचा मसाल्याचा डबा आहे, त्याला भोकं पाडलेली.

दुपारी २
कागद. आमच्या या धड्यांची संस्था नोंदवायची तर १८६० च्या कायद्याने किमान सात माणसं लागतात. सहा जण चटकन तयार झाले. सातवी सही मासळी विकणाऱ्या मावशींची. “सही करते, पण हिशोब मला दर महिन्याला वाचून दाखवायचा,” म्हणाल्या. घटनेत हे कलम घालता येतं का, ते बघते आहे.

दुपारी ४.३०
पडवी भरते. लावणीमुळे मुलं कमी, पण मासेमारीबंदीचे दोन महिने असल्याने खलाशी घरी आहेत. जाळी घेऊन येतात आणि विणता विणता ऐकतात. आज दहावीचं विज्ञान, अपवर्तन. एका खलाश्यानं अडवलं: “पाण्यातला मासा दिसतो तिथं नसतो, तेच ना हे?” तेच. पुढची दहा मिनिटं धडा त्यांच्याकडे गेला.

ही पडवी सुरू झाली ती निसर्ग वादळात. ३ जून २०२०. माड-पोफळी आडव्या, खांब आडवे, कित्येक आठवडे वीज नाही. करोनामुळे त्याच महिन्यात शाळा मोबाइलवर आली आणि आमचे मोबाइल मेलेले. तेव्हा एक मुलगी इथे बसून पुस्तक मोठ्यानं वाचायची, बाकीची पाच-सहा तिला अडवायची. यंत्रं नंतर आली.

गावाला हे नवं नव्हतंच. महर्षी कर्वे लहानपणी इथे शिकले, तेव्हा सोमण मास्तर दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र ऐकवण्याचा उद्योग करत आणि वाचायला पोरसवदा धोंडूला, म्हणजे कर्व्यांनाच, बसवत. ऐकणारे गप्प बसले असतील असं मला वाटत नाही, मुरुडकर आहेत. याच धोंडूला पुढे साताऱ्याला चालत जाऊनही, वयानं लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. कर्व्यांचं १९१६ चं महिला विद्यापीठ सगळ्यांना माहीत असतं. पण १९३६ साली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतल्या शाळांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि त्यासाठी दारोदार पैसे गोळा केले, हे मला जास्त जवळचं वाटतं. कारण दर महिन्याच्या पाच तारखेला मीही वर्गणी मागत फिरते.

संध्याकाळी ७.१०
लाइट गेली. डबा पॉवरबँकेवर. कुणी उठलं नाही.

रात्री ९.५०
काकांच्या कलमाचा धडा जोडून झाला. पहाटेपर्यंत धीर नव्हता म्हणून गावच्या गटात तसाच टाकला. मुंबईत घरकाम करणाऱ्या एका ताईंचा लगेच आवाजी निरोप आला, मागे कुकरची शिट्टी: “बाई, आई विचारतेय, काडी उलटी लागली तर?”

मी तो काकांना पाठवला. झोपले असतील असं वाटलं होतं. दोन मिनिटांत उत्तर: “उलटी लागेलच कशी? तिला म्हणावं, डोळा आभाळाकडे!” आणि मग, जरा थांबून, “पण हे सांगायचं राहिलंच की गो. सकाळी परत ये. छत्रीवालीला आण.”