एक्स्प्लेनर : युद्ध तिकडे, झळ जालन्यात! व्याख्यानाला जाताना कोणते प्रश्न न्याल?

दिवाळी सरली की व्याख्यानांचा हंगाम सुरू होतो. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन, १६ डिसेंबरचा विजय दिवस आणि १५ जानेवारीचा लष्कर दिन या तारखांच्या आगेमागे राष्ट्रीय सुरक्षा आणि जागतिक घडामोडींवर बोलायला वक्ते येतात. ‘हे दिल्लीचे विषय, आपला काय संबंध?’ असे वाटत असेल, तर हे वाचाच.

व्याख्यानमाला कधीपासून?
न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. पुढे हा पायंडा महाराष्ट्रातील अनेक गावांत रुजला. तिकीट नाही, परीक्षा नाही. ऐकायचे आणि विचारायचे.

जालन्याचा जगाशी संबंध जुनाच
भोकरदन तालुक्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांची इंग्रजांशी लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पराभव केला.

आज झळ कशी बसते?
- स्टील : जालन्यातील भट्ट्यांना भंगार लागते. त्यातले काही परदेशातून जहाजाने येते. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हौथींचे हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली. वळसा वाढला की भाडे वाढते, माल उशिरा येतो.
- कापूस : केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ केले, नंतर ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अमेरिकेने भारतीय मालावर लावलेल्या ५० टक्के शुल्काचा फटका कापड उद्योगाला बसत होता. पण परदेशी कापूस स्वस्तात येणार म्हटल्यावर भावाची धास्ती इथल्या शेतकऱ्याने घेतली.
- खत : पोटॅशसाठी भारत जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून आहे. डीएपी आणि त्याचा कच्चा मालही मोठ्या प्रमाणात बाहेरून येतो.

मोबाइलवर सगळे मिळते, मग सभागृहात कशाला?
७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले. त्या दिवसांत जुने व्हिडिओ, अगदी व्हिडिओ गेममधील दृश्येही युद्धाची म्हणून व्हॉट्सॲपवर फिरली. पत्र सूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेक विभागाला असे अनेक दावे खोटे असल्याचे सांगावे लागले. फॉरवर्ड आलेल्या मेसेजला उलट प्रश्न विचारता येत नाही. समोरच्या वक्त्याला येतो.

काय विचाराल?
१. ही माहिती कुठून मिळाली : सरकारी निवेदन, स्वतःचा अनुभव की अंदाज?
२. ही घटना कधीची, आणि त्यानंतर काय बदलले?
३. याचा भंगार, कापूस आणि खताच्या भावावर काय परिणाम होईल?
४. याच्या उलट मत असलेले जाणकार काय म्हणतात?

वक्ता निवृत्त अधिकारी असो वा प्राध्यापक, ‘हे मला माहीत नाही’ किंवा ‘हे सांगता येणार नाही’ असे तो म्हणाला, तर नाराज होऊ नका. सुरक्षेच्या विषयात काही गोष्टी न सांगणे हीसुद्धा जबाबदारीच असते. मात्र घोषणांनी टाळ्या मिळाल्या आणि प्रश्नोत्तरांना वेळच उरला नाही, तर आयोजकांना तसे जरूर सांगा. पुढच्या वेळी शेवटची २० मिनिटे श्रोत्यांसाठी राखून ठेवायला लावा.