शंभर डॉलरचा दंड आणि एक अजोड युक्तिवाद

वक्तृत्व म्हणजे शब्दांचा फुलोरा, असा समज रूढ आहे. परंतु काही भाषणे जमाखर्चाच्या वहीसारखी ओळीने मांडलेली असतात. शेवटची बेरीज श्रोत्यालाच करावी लागते. अमेरिकेतील स्त्री-मताधिकाराच्या नेत्या सुसान बी. अँथनी यांचे १८७३ मधील भाषण हा त्याचा उत्तम नमुना होय.

५ नोव्हेंबर १८७२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे अँथनी यांनी अध्यक्षीय निवडणुकीत मतदान केले. स्त्रियांना तो अधिकार नसल्याने त्यांना अटक झाली. खटल्यापूर्वी त्यांनी मन्रो परगण्यातील २९ गावांत जाऊन व्याख्यान दिले. विषय होता : अमेरिकेच्या नागरिकाने मत देणे हा गुन्हा आहे काय? खटला शेजारच्या परगण्यात हलविण्यात आला, तेव्हा तेथीलही २१ गावे त्यांनी गाठली.

विषयातच पहिले कौशल्य आहे. प्रश्नात ‘स्त्री’ हा शब्द नाही, ‘नागरिक’ आहे. आरोपी म्हणून उभ्या राहूनही त्या बचाव करीत नाहीत, तर आरोप करणाऱ्यांकडूनच खुलासा मागतात.

दुसरे कौशल्य पुराव्याचे. राज्यघटनेची सुरुवात ‘आम्ही लोक’ अशी आहे, ‘आम्ही पुरुष’ अशी नाही. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीप्रमाणे देशात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक ठरते. आणि नागरिक म्हणजे मताचा अधिकार असलेली व्यक्ती, असे शब्दकोश सांगतात. मग प्रश्न एकच उरतो : स्त्रिया व्यक्ती आहेत की नाहीत? ‘नाहीत’ म्हणण्याचे धाडस कोण करणार?

तिसरा मुद्दा व्यापारी मंडळींना चटकन उमजेल. कायद्यात ‘तो’ असे पुल्लिंगी सर्वनाम आहे म्हणून स्त्रीला मत नाही, असे म्हटले जाई. अँथनी विचारतात : करवसुलीच्या आणि शिक्षेच्या कायद्यांतही ‘तो’च आहे, मग स्त्रीला कर आणि फाशीही माफ करणार काय? देण्याच्या बाजूला तिचे नाव आणि घेण्याच्या बाजूला कोरी जागा, हा हिशेब जुळत नाही.

शेवटी त्या सत्तेच्या पायऱ्या मांडतात : धनाची, विद्येची, वंशाची आणि लिंगभेदाची. शेवटची सत्ता प्रत्येक घरात फूट पाडते, हा विचार श्रोत्याला स्वतःच्या उंबरठ्याशी आणतो. मात्र येथेच भाषणाचा उणेपणाही आहे. इतर सत्ता एक वेळ सोसता येतील, असे म्हणताना त्यांनी कृष्णवर्णीयांचे दुःख कमी लेखले.

या तर्कामागे अनुभव होता. त्यांचे वडील सूतगिरणीचे मालक. १८३७ च्या मंदीत ते बुडाले आणि घरातील सामान लिलावास निघाले. आईला माहेरहून मिळालेल्या वस्तूही त्यात होत्या, कारण विवाहितेची चीजवस्तू कायद्याने पतीची समजली जाई. मामाने त्या सोडवून परत दिल्या. मुलगी ते विसरली नाही.

जून १८७३ मध्ये न्यायाधीश वॉर्ड हंट यांनी ज्यूरीला विचारविनिमय करू न देताच दोषी ठरविण्याचा आदेश दिला आणि १०० डॉलर दंड ठोठावला. आपल्याजवळ भांडवल म्हणून केवळ वृत्तपत्राचे १०,००० डॉलरचे कर्ज आहे, ते आपण पै-पै फेडू. पण या अन्यायी दंडाचा एक डॉलरही देणार नाही, असे अँथनी यांनी भर न्यायालयात सांगितले. पुढे व्याख्याने देऊन त्यांनी १८७६ पर्यंत ते कर्ज फेडले. दंड अखेरपर्यंत भरला नाही.

१८७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात हाच युक्तिवाद फेटाळला. १९०६ मध्ये अँथनी निवर्तल्या. मताधिकाराची घटनादुरुस्ती १९२० मध्ये झाली. न्यायालयात हरलेला युक्तिवाद लोकांच्या मनात मात्र टिकला. तर्क बिनतोड होता, हे एक कारण. आणि बोलणाऱ्या व्यक्तीची पत शाबूत होती, हे दुसरे. जी स्त्री खरे देणे बुडवीत नाही, तिने एखादे देणे नाकारले तर त्यामागे काही न्याय असलाच पाहिजे, हे कोणत्याही पेढीवरच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.