बाजेला टेकलेला शेवयांचा पाट

चैत्र सरत आला की जालना जिल्ह्यातल्या गावांत वाळवणाचे दिवस सुरू होतात. पापड-कुरडयांना ऊन लागतं. शेवयांना आधी हात लागतात, आणि एका बाईचे हात पुरत नाहीत. आज एकीच्या अंगणात, उद्या दुसरीच्या, अशी सावड धरून बायका घरोघरच्या शेवया उरकतात.

खरी शेवई बन्सी गव्हाची. कठीण, पिवळसर दाण्याचा हा गहू काळ्या रानात पावसाच्या मुरलेल्या ओलीवर येतो. गहू ओलवून रात्रभर फडक्यात बांधायचा, सकाळी दळायचा, मग चाळून रवा आणि सपीट वेगळं काढायचं. चिमूटभर मीठ घालून पीठ घट्ट मळायचं आणि कुटायचं. जाणती बाई गोळ्याचा तुकडा ओढून बघते. तार तुटली नाही, तरच पाट मांडायचा.

पाट बाजेला तिरपा टेकवतात. वर बसलेली बाई पिठाची वळी तळव्याखाली धरून पुढे-मागे घासते. तळव्याच्या कडेतून दोऱ्यासारखी तार निघते. खाली बसलेली ती दोन बोटांवर झेलते, ओढ सांभाळत लांबवते आणि आडव्या काठीवर टाकते. वरचीचा दाब वाढला की तार जाड, खालचीची ओढ वाढली की तार तुटली. दोघींची लय जमावी लागते, ती सांगून येत नाही. ऊन चढलं की पीठ सुकतं, म्हणून ही घाई सकाळची. आणि शेवया वाळवायच्या सावलीत, नाहीतर त्यांचा चुरा होतो.

शेवयांची ही निगुती आपल्याकडेच आहे असं नाही. जपानात सोबा नावाच्या शेवया कुट्टूच्या पिठाच्या करतात. कुट्टूला गव्हासारखी चिकी नसते, म्हणून पुष्कळ ठिकाणी आठ भाग कुट्टूत दोन भाग गहू मिसळतात. नागानोकडची सोबा वेगळी, इझुमोची वेगळी. इझुमोत टरफलासकट दाणा दळतात, त्यामुळे रंग काळपट येतो. वर्षाच्या शेवटच्या रात्री घरोघरी सोबा खायची रीत आहे. मराठवाड्यातही शेवयांशिवाय सण-समारंभ पुरा होत नाही. आखाजीला आमरसाबरोबर शेवया, लग्नात रुखवतावर त्यांची वेटोळी, आणि ईदला शेजारच्या घरून शिरखुर्म्याची वाटी.

बऱ्याच घरांत पाटाची जागा आधी बाजेला आवळलेल्या पितळी यंत्राने घेतली, मग विजेच्या यंत्राने. त्याचं मला वाईट वाटत नाही. बायकांची कंबर आणि मनगटं त्या पाटावर झिजली आहेत, आणि आज याच यंत्रांवर बचत गटांच्या बायका चार पैसे मिळवतात. हळहळ वाटते ती गव्हाची. कापूस, सोयाबीन, मोसंबी वाढली आणि कोरडवाहू बन्सीचं रान आटलं. मऊ गव्हाची शेवई यंत्रातून निघते छान, पण उकळत्या पाण्यात पडली की तिचा गिच्चा होतो. बन्सीची शेवई उकळी आली की वेळवून घ्या. ताटात मोकळी राहते. वर दूध, साखर, तुपाची धार, बस्स.

जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. तसाच जीव या गव्हालाही लावायला हवा. निफाडच्या संशोधन केंद्राचा पंचवटी हा बन्सी वाण कोरडवाहू रानासाठीच आहे आणि रवा-शेवयांना चांगला ठरला आहे. येत्या रब्बीत घरापुरतं का होईना, अर्ध्या एकरात तो पेरून बघा.