निंबोळीचे मोल : रसायनशाळेत आणि धानाच्या बांधीत

निंबोळीच्या कडूपणात किडीचा बंदोबस्त करण्याचे सामर्थ्य आहे, हे आपले पूर्वज जाणत होते. धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालण्याची रीत त्यातूनच पडली. हा गुण मुख्यतः ज्या द्रव्यामुळे येतो, त्यास अझाडिरॅक्टिन म्हणतात. १९६८ साली ते निंबोळीतून प्रथम वेगळे काढण्यात आले.

सेंद्रिय द्रव्यांत कार्बनचे अणू पुष्कळदा साखळीची टोके जुळवावीत तसे जुळून वलये बनवितात. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशकही वलयी संयुगच होय. पण त्यात दोनच साधी वलये असल्याने कारखान्यात ते स्वस्तात होते. अझाडिरॅक्टिनची वलये अनेक व परस्परांत गुंतलेली. केंब्रिज विद्यापीठातील स्टीव्हन ले यांच्या चमूने या रेणूचे दोन भाग निराळे बनवून जोडले आणि २००७ साली तो प्रयोगशाळेत सिद्ध केला. त्यास २२ वर्षे व सुमारे ७० पायऱ्या लागल्या; हाती आलेले द्रव्य मात्र अत्यल्प. विज्ञानाचा हा मोठा विजय खरा; परंतु झाड जे उन्हापाण्यावर करते, ते स्वस्तात करणारा कारखाना अद्याप उभा राहिलेला नाही.

म्हणूनच चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंनी पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडणाऱ्या निंबोळ्या कुजू देऊ नयेत. त्या वेचून, गर धुऊन, बी सावलीत वाळवावे व हवेशीर जागी ठेवावे. बुरशी आलेले बी घेऊ नये.

पाच टक्के अर्कासाठी ५ किलो वाळलेल्या निंबोळ्यांची भरड रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवावी. सकाळी फडक्याने गाळून त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवावा व एकूण द्रावण १०० लिटर करावे. उन्हाने अर्काचा गुण नासतो. सबब फवारणी त्याच दिवशी सायंकाळी करावी.

अर्काने कीड तत्काळ मरत नाही. तिचे खाणे मंदावते व वाढ खुंटते. यास्तव अळ्या लहान व तुडतुडे थोडे असतानाच तो वापरावा. चुडाच्या आत शिरलेल्या गादमाशीवर किंवा खोडकिड्यावर त्याचा भरवसा धरू नये. उरलेले द्रावण बोडीत वा तलावात ओतू नये. माशांना ते अपायकारक आहे.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी निंबोळ्या पडू लागताच गावात वेचणीची आठवण द्यावी. पीक संकटात आल्यावर निंबोळी शोधून मिळत नाही.