पिशवी कुणाची, परवानगी कुणाची?

गुढीपाडव्याच्या सुमारास आमच्या औंढ्याच्या बाजारात ओळखीचे चेहरे पुन्हा दिसू लागतात. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेल्या बायका लेकरंबाळं, भांडीकुंडी घेऊन परत आलेल्या असतात. अशीच आमच्या बचतगटातली एकजण यंदा घरी आली. वय असेल एकतीस-बत्तीस. चहाचा कप खाली ठेवत म्हणाली, "ताई, पिशवी काढायची म्हणते. एक डॉक्टर हो म्हणले, दुसरे नाही म्हणायलेत. वय कमी हाय, आधी तपासण्या करा, आता सरकारचं लक्ष असतं म्हणे. दुखणं माझं, पिशवी माझी, सरकारला काय करायचं?"

खरं सांगते, मी गप्प झाले. बाईच्या शरीरावर बाईचाच हक्क, हे मीच इतकी वर्षं महिला मंडळात सांगत आले. मग आता तिला काय सांगायचं?

सरकार यात का पडलं, हे मला माहीत होतं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न देशभर गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा जणी! देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे.

इतक्या साऱ्या बायकांनी हे आपखुशीनं निवडलं असेल का? ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. एक दिवस काम बुडालं की 'खाडा', आणि त्याचे पाचशे-हजार रुपये कापले जातात. फडाजवळच्या कोपीत ना संडास, ना न्हाणी, ना पुरेसं पाणी. पाळीत तेच कापड पुन्हा पुन्हा वापरायचं आणि पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. मग अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. गोळ्या-औषधांनी बरं होण्यासारखं असलं तरी "पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल" असं कुणी घाबरवलं की बाई कर्ज काढून टेबलावर झोपते. दरमहाची कटकट जाईल, खाडा वाचेल, हाही हिशेब असतोच. पण पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर तिशीतच पाळी गेल्यानंतरचे सगळे त्रास सुरू होतात. हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, झोप उडते. मोळी उचलणाऱ्या बाईला हे कसं परवडणार?

म्हणून बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक सूचना तीन महिन्यांत लागू करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं.

तरीही माझ्या मनात खुटखुट आहेच. माझ्या जाऊबाईंच्या गर्भाशयात गाठी होत्या. रक्तस्रावानं त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. पिशवी काढली आणि त्या माणसात आल्या. अशा बाईनं कागदासाठी खेटे घालायचे का? शिवाय सरकारचा हात शरीरापर्यंत आला की काय होतं, हे आपण पाहिलंय. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. तेव्हाही हेतू चांगलाच सांगितला जात होता.

शेवटी तिला म्हटलं, "बाई गं, पिशवी तुझीच. पण आधी नीट तपासून तर घेऊ." दोघी सरकारी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. जंतुसंसर्ग निघाला. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तो कुरकुरला, पण त्यानं घेतलं. महिनाभरात तिचं दुखणं पुष्कळ कमी झालं. नीट सगळं कळल्यावर तिनं स्वतःच ऑपरेशनचा विचार सोडला. मला वाटतं, निवड म्हणतात ती हीच. सगळं माहीत असताना, कुणी न घाबरवता केलेली.

तपासणीचा नियम हवाच, पण गरजू बाईला तो दोन दिवसांत मोकळं करणारा हवा. आणि एवढ्यावर सरकारचं काम संपत नाही. डॉक्टरची सुरी तपासणारं सरकार मुकादमाची वही कधी तपासणार? कोपीजवळ संडास आणि पाणी, पाळीच्या दिवसांत खाड्याविना सुटी, निघण्याआधी आणि आल्यावर मोफत तपासणी, एवढं झालं तर निम्म्या बायका ऑपरेशनच्या दारातही जाणार नाहीत.

परवा तिला हा लेख लिहितेय म्हणून सांगितलं. जरा विचार करून म्हणाली, "ताई, येवढं लिहा, पाळीच्या चार दिवसाचा खाडा तेवढा सरकारनं माफ करून द्यावा. पिशवीचं माझं मी बघते."