‘कृपाण’ची दुसरी पाळी

भारतीय तटरक्षक दलाकडे आज शंभराहून अधिक जहाजे व नौका आहेत. मात्र १ फेब्रुवारी १९७७ रोजी, नौदलाच्या छत्राखाली या दलाची हंगामी स्थापना झाली, तेव्हा त्याच्या हाती होत्या अवघ्या सात नौका. त्यातील पाच लहान गस्ती नौका गृह खात्याकडून आल्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे नौदलाच्या जुन्या युद्धनौका, ‘कृपाण’ आणि ‘कुठार’.

या दोघी ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘ब्लॅकवूड’ वर्गातील फ्रिगेट. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या भारतीय नौदलात आल्या. पाणबुडीचा माग काढून तिचा नाश करणे एवढ्याच कामासाठी त्यांची रचना झाली होती. त्यांची तिसरी बहीण ‘खुकरी’. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिकांना जलसमाधी मिळाली. त्या मोहिमेत कृपाण तिच्या सोबतीला होती.

मग अशा युद्धनौकेवर गस्तीचे काम सोपवण्याची वेळ का आली? त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी फोफावली होती. १९७४ मध्ये ‘बॉम्बे हाय’ येथे तेल सापडले, आणि १९७६ च्या कायद्याने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या क्षेत्रातील संपत्तीवर भारताचा हक्क प्रस्थापित झाला. या अफाट टापूची राखण नौदलाने करायची, तर महागड्या युद्धनौका आणि प्रशिक्षित मनुष्यबळ पोलिसी कामात अडकून पडणार. म्हणूनच के. एफ. रुस्तमजी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वतंत्र दलाची शिफारस केली.

नवी जहाजे बांधून होईपर्यंत थांबण्यास सवड नव्हती. कृपाण आणि कुठार खोल समुद्रात दूरवर जाऊ शकत होत्या, हाच त्यांचा मोठा गुण. उणिवाही होत्याच. वाफेवर चालणाऱ्या या जहाजांचे बॉयलर तापण्यास वेळ लागे; खलाशांचा ताफा मोठा, इंधनाचा खर्च भारी. हेलिकॉप्टर उतरण्याची सोय नाही. शिवाय संशयित गलबत अडवून त्याची झडती घेणे किंवा वादळात सापडलेल्या मच्छीमारांना वाचवणे ही कामे पाणबुडीच्या शिकारीहून सर्वस्वी निराळी. युद्धात शत्रूला बुडवायचे असते. येथे मात्र समोरच्याला जिवंत किनाऱ्यावर आणायचे असते. जहाजापेक्षाही ही दृष्टी बदलणे अधिक महत्त्वाचे होते.

१९ ऑगस्ट १९७८ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांच्या हस्ते दलाचे रीतसर उद्घाटन झाले. व्हाइस अॅडमिरल व्ही. ए. कामथ पहिले महासंचालक झाले. पुढे १९८३ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली, डिझेल इंजिनावर चालणारी आणि हेलिकॉप्टर वाहून नेणारी ‘विक्रम’ दाखल झाली. गस्तीसाठीच जन्मलेल्या या जहाजाने जुन्या बहिणींच्या निवृत्तीची वाट मोकळी केली.

नौदलात जहाजे जातात, नावे उरतात. ‘कृपाण’ हे नाव १९९१ मध्ये एका नव्या कॉर्व्हेटला मिळाले. २०२३ मध्ये भारताने ती व्हिएतनामला भेट दिली. नवी ‘खुकरी’ २०२१ मध्ये निवृत्त होऊन दीवलाच विसावली आहे. जुन्या कृपाणच्या वाट्याला स्मारक आले नाही. मात्र वादळात सापडलेला कोळी बांधव आज क्षितिजावर ज्या पांढऱ्या जहाजाची वाट पाहतो, त्याची पहिली पाळी तिने केली होती.