तारीख नसलेल्या कागदाचं वय
रद्दीतला इतिहास : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपण घरातले जुने कागद कुठे कुठे दडलेले असतात ते पाहिलं : ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले, पोथीत खुणेसाठी घातलेले, फोटोच्या चौकटीत पाठीमागे लावलेले. यातल्या बहुतेकांवर साल नसतं. साबणाचं वेष्टन, कापडाच्या ताग्यावरचं टिकीट, दुकानाचं पत्रक यांवर ते लिहायची कुणाला गरजच नव्हती. नाटकाच्या जाहिरातीत वार आणि वेळ असली की पुरे, कारण प्रयोग झाला की कागदाचं काम संपलं. आज मात्र साल कळलं नाही तर त्या कागदाचा उपयोग निम्म्यावर येतो.

साल शोधायला सगळे आधी चित्राकडे पाहतात आणि बहुधा फसतात. एकदा लोकप्रिय झालेलं चित्र कंपन्या वर्षानुवर्षं बदलत नसत. वय कळतं ते किंमत, पत्ता, माप आणि कडेचा बारीक मजकूर यांतून.

किमतीपासून सुरुवात करू. 'रु. १-४-०' म्हणजे एक रुपया चार आणे, सव्वा रुपया. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर भाग झाले आणि जुन्या पैशाशी गल्लत होऊ नये म्हणून नव्या नाण्याला 'नया पैसा' म्हटलं गेलं. १ जून १९६४ला त्यातला 'नया' गेला. म्हणून 'न. पै.' असं छापलेलं दिसलं की कागद या सात वर्षांतला किंवा त्यानंतर लगेचचा. आणे आणि नये पैसे काही काळ बाजारात एकत्रच चालत होते, त्यामुळे दोन्ही किमती शेजारी शेजारी असलेलं पत्रक मिळालं तर ते त्या संक्रमणाच्या अगदी सुरुवातीचं समजायला हरकत नाही. गोव्यातल्या कागदांचा हिशेब निराळा. तिथे पोर्तुगीज अमलात रुपिया आणि टांगा होते, १९५९पासून एस्कुदो आला आणि डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावर भारतीय रुपया. एस्कुदोतल्या किमतीचं पावतीपुस्तक म्हणजे जेमतेम तीन-चार वर्षांच्या खिडकीतला पुरावा.

पत्ता याहूनही बोलका, आणि त्यात नागपूरकर सगळ्यांत भाग्यवान. १९५०पर्यंत नागपूर मध्यप्रांत व वऱ्हाडात होतं. जानेवारी १९५०पासून ते मध्य प्रदेशात, त्या राज्याची राजधानी. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. दहा-अकरा वर्षांत एकाच दुकानाच्या पत्त्यातलं राज्य तीनदा बदललं. पत्त्याच्या शेवटी 'म. प्र.' असलेलं नागपूरच्या दुकानाचं बिल दिसलं की ते १९५० ते १९५६मधलं ठरतं. औरंगाबाद, नांदेड, लातूरकडच्या कागदांत तसंच 'हैदराबाद' पाहावं, आणि जुन्या कागदांत निजामाच्या हाली सिक्क्यातल्या किमती. मुंबई-पुण्याच्या पत्त्यांत शहराच्या नावापुढचा आकडा महत्त्वाचा. 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' हे टपाल विभागाचे क्रमांक. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि त्यात हेच क्रमांक शेवटी बसले : गिरगावचं ४००००४, सदाशिव पेठेचं ४११०३०. नुसता ४ किंवा ३० आढळला तर कागद त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी, पण जुनी सवय सुटायला लोकांनी बरीच वर्षं घेतली.

मराठी मजकूर असेल तर त्याच्या लेखनाकडेही पाहावं. 'नांव', 'येथें', 'मुंबईंत' असे अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले. हा पुरावा मवाळ आहे. जुन्या वळणाचे जुळारी आणि दुकानदार पुढेही तसंच लिहीत राहिले. शके दिलं असेल तर मात्र सोपं : १८७९मध्ये ७८ मिळवले की १९५७, आणि जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तारखांसाठी ७९.

एक नियम कधीही सोडू नये. कागदावरची सर्वांत उशिराची खूण त्याचं वय ठरवते. बिलपुस्तक १९५५ला छापलं आणि दुकानदारानं ते १९६१मध्ये वापरलं, जुन्या राज्याच्या नावावर रबरी शिक्का मारून, असं होतंच. तेव्हा त्या कागदाला दोन तारखा आहेत, छपाईची आणि वापराची, आणि दोन्ही टिपायला हव्यात.

आता कापडाच्या टिकिटांकडे येतो, कारण लोक जुन्या कागदाच्या कडा कापतात त्याचं नुकसान तिथे सगळ्यांत जास्त दिसतं. मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या घडीवर रंगीत टिकीट डकवलेलं असे. देव, हत्ती, वाघ, राजेरजवाडे, रेल्वे, काय वाटेल ते. अक्षरओळख नसलेलं गिऱ्हाईकही छाप पाहून माल मागत असे, म्हणून चित्र आकर्षक हवं आणि दुसऱ्याच्या चित्राशी जुळणारं नको. शिळाछपाईत दर रंगाला वेगळा दगड लागे, आणि चांगल्या टिकिटाला दहा-बारा रंग सहज. वर सोनेरी भुकटी आणि वार्निश. पुढे मुंबई, अहमदाबादच्या गिरण्यांनीही हाच रिवाज उचलला. ही टिकिटं कुणी ट्रंकेच्या झाकणावर डकवली, कुणी देवघरात लावली, म्हणूनच ती उरली.

या टिकिटाचा इतिहास चित्राखालच्या पट्टीत असतो : छापखान्याचं नाव, व्यापारचिन्हाचा क्रमांक, पेढीचं नाव. ब्रिटनमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५चा, आपल्याकडे स्वतंत्र कायदा १९४०चा. नोंदणी क्रमांक असेल तर अभ्यासकाला टिकिटाचं साल आणि मालक दोन्ही शोधता येतात. कापडावर लांबीही छापलेली असे, कारण १८८९च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यानं ती वारांत देणं बंधनकारक केलं होतं. मीटर आला तो १९५६च्या वजन-मापाच्या कायद्यानंतर, टप्प्याटप्प्यानं. आणि लोक नेमकी ही खालची पट्टी कात्रीनं उडवतात, चित्र चौकटीत नीट बसावं म्हणून! अशी कापलेली टिकिटं जुन्या बाजारात ढिगानं मिळतात. ती सुंदर दिसतात, पण कुठली, कधीची, कुणाची, हे त्यांना विचारून उत्तर मिळत नाही. मला याचा राग येतो, आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

जपण्याच्या बाबतीत एवढंच पाळा. कागद कापू नका, वहीत डिंकानं चिकटवू नका. मागची बाजू पुढच्याइतकीच महत्त्वाची असते. लॅमिनेशन करू नका. ते परत काढता येत नाही. सेलोटेपचा गोंद काही वर्षांनी पिवळा पडून कागदात उतरतो. वर्तमानपत्राच्या कागदात आम्ल असतं, म्हणून जुना कागद त्यात गुंडाळू नये. आम्लविरहित कागद किंवा पॉलिएस्टरचं पारदर्शक पाकीट घ्यावं, पीव्हीसीचं नको. कोकणात आणि मुंबईत बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते.

आणि कागद जिथे सापडला ती जागा, कुणाच्या घरातून, कशाच्या आत, कोणत्या कागदांसोबत, हे मऊ पेन्सिलीनं पाकिटावर आधी लिहा आणि मगच त्यात कागद घाला. या दिवाळीच्या साफसफाईत जुनं बिल, पत्रक किंवा वेष्टन हाती आलं, तर रद्दीवाल्याला देण्यापूर्वी त्याचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि कात्री दूर ठेवा.